बशी दिसते तोवर

तळ्यातलं पाणी पिवळं पडायला लागलं, तेव्हा धनश्रीला आधी वाटलं की उन्हामुळंच तसं दिसतंय. तिनं बाळीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पदरानं तिचं डोकं झाकलं आणि बांधावर उकिडवी बसून आखूड काठी पाण्यात सोडली. काठीच्या टोकाला तारेनं पांढरी बशी बांधलेली होती. बशी वीतभर खाली जाऊन दिसेनाशी झाली की शेवाळ दाट आहे, असं कंपनीच्या साहेबानं शिकवलं होतं. आज हात कोपरापर्यंत आत गेला तरी बशी लख्ख दिसत होती.

"अहो," तिनं हाक मारली. "बशी दिसती."

अंगद पलीकडच्या बांधावरून वल्हं मारत होता. लाइट गेली की पाणी हलवणारा पंखा थांबतो, पाणी हललं नाही की शेवाळ तळाला बसतं, मग हातानं ढवळायचं. बाभळीच्या दांड्याला फळी ठोकून ते वल्हं त्यानंच केलं होतं. त्याच्या बोटांच्या पेरांत हिरवा रंग मुरला होता. किती साबण लावला तरी जेवताना भाकरीला माशासारखा वास यायचा.

"किती खाली?"

"कोपरापातुर."

तो वल्हं आणखी जोरानं मारायला लागला.

पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला हा त्यांचा माळ. बोअर मारली तेव्हा पाणी लागलं, पण मचूळ. त्यावर ज्वारी करपायची. म्हैस सुद्धा तोंड लावून मान फिरवायची. यंदाच्या उन्हाळ्यात त्या माळावर अनिमेषसाहेब आला. वयानं अंगदएवढाच, राहायला नगरला सावेडीत. त्यानं पाणी जिभेला लावलं आणि हसला. असलंच पाहिजे, म्हणाला. ज्या जमिनीत काही येत नाही, जे पाणी कोणी पीत नाही, तिथं शेवाळ वाढवायचं. ते गाळायचं, वाळवायचं, त्यातून तेल काढायचं. आज ना उद्या त्या तेलावर ट्रॅक्टर चालेल. जमिनीतलं तेल संपलं तर संपलं, हे पीक पुन्हा पुन्हा येत राहील. त्याच्या कंपनीनं माळावर कागद अंथरून तळं केलं, कडेला हिरव्या जाळीखाली बियाण्याचे निळे टब मांडले आणि राखणीला अंगद नि धनश्री, दोघांनाही ठेवलं.

गावाला बोलायला विषय मिळाला.

"अंगद्या, डबकं राखतो व्हय रं?"

"आमच्या मोरीत बी लई डिझेल साचलंय. कॅन घिऊन ये."

अंगद हसून सोडून द्यायचा. पहिल्यांदा शेवाळ गाळलं तेव्हा फडक्यावर जो हिरवा गोळा राहिला, तो त्यानं आईला तळहातावर ठेवून दाखवला होता. भीमाबाईनं वास घेतला आणि नाक मुरडलं. मग काय वाटलं कोण जाणे, त्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

दसरा झाला की या भागातलं अर्धं गाव कोयते घेऊन उसाकडं जातं. मागच्या हंगामात तेही गेले होते, कोल्हारकडं. बाळी तिथंच झाली, वाळल्या पाचटाच्या झोपडीवजा कोपीत. अंग धड सावरायच्या आत धनश्री पुन्हा फडात उभी राहिली. मोळी बांधताना पान्हा फुटून पोलकं भिजायचं आणि त्याला उसाची बोचरी कूस चिकटायची. बांधावर साडीच्या झोळीत बाळी, तिच्यापाशी भीमाबाई. शेजारच्या टोळीतल्या चांगुणाला मात्र लेकराजवळ बसवायला कोणी नव्हतं. तिनं त्याला पाचटाच्या सावलीत निजवलं होतं. ट्रॅक्टर मागं घेणाऱ्याला ते दिसलं नाही. अजूनही कुठं वाळलेला पाला वाजला की धनश्री आधी बाळीकडं बघते.

म्हणून हे तळं. पुढच्या आठवड्यात पुण्याहून कंपनीचे वरचे लोक येणार होते. तळं हिरवंगार दिसलं तर काम बारमाही, असा साहेबाचा शब्द होता. बारमाही म्हणजे बाळी घरच्या ओसरीवर रांगणार.

त्याच दुपारी बिभीषण मुकादम मोटारसायकल उडवत माळावर आला. गाडी बंद न करताच म्हणाला, "अंगद, यंदा तुझा कोयता धरू का न्हाई?"

मुकादमाच्या तोंडी एक कोयता म्हणजे एक जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधून वाहायच्या. एकट्या माणसाला कोणी नेत नाही.

"दसरा हुंद्या दादा, सांगतो."

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मी ट्रक भरनार. मग रडत येऊ नको."

भीमाबाई जाळीखाली बसून बाळीच्या पायांना तेल चोळत होती. मोळ्या वाहून वाहून तिची मान आखडली होती. कोणाकडं बघायचं तर तिला खांद्यासकट वळावं लागायचं. ती तशी वळली.

"आमी यंदा घरचं पीक काढनार हाय, बिभीषणा."

"शेवाळाचं? त्याची भाजी करून घाल मावशे पोराला."

"करते की. पयली तुलाच वाढते."

बिभीषण हसला. जाताना मात्र त्यानं तळ्याकडं एकदा नीट बघितलं. पिवळेपणा त्यालाही दिसला होता.

साहेबाला फोन लावला. अंगदनं स्पीकर चालू केला.

"तळं उन्हानं गेलं, अंगदराव. आता त्याच्या मागं लागू नका. टब कसे आहेत?"

"टब हिरवे हायत, साहेब. गडद."

"मग घाबरू नका. त्यातूनच तळं परत धरेल. मी सोमवारी येतो, आपण मिळून टाकू. तोवर तळ्यातलं पाणी टबात अजिबात घालायचं नाही, ते बिघडलंय. आणि टबातलं पाणी लाल रेषेच्या खाली जाऊ द्यायचं नाही. खाली गेलं की खार वाढतो, बियाणं मरतं."

"बोअरची मोटार सकाळीच जळलीया."

मग साहेब म्हणाला, "उद्या पहिलं काम ते करा. हे टब गेले तर मलाही इथं कोणी ठेवणार नाही."

भीमाबाई ऐकत होती. तिनं टबावरच्या लाल रेषेवरून बोट फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगद जळलेली मोटार गाडीच्या मागं बांधून पाथर्डीला गेला. धनश्रीला बाळीला घेऊन उपकेंद्रात जायचं होतं, लसीचा वार होता. निघताना ती म्हणाली, "आत्या, रेषेवर ध्यान ठेवा बरं का. पिंपात बोअरचं पानी हाय थोडं, लागलं तर ते घाला."

"जा तू. माझ्या डोळ्याला काय झालंय?"

उपकेंद्रात गर्दी होती. सुई टोचल्यावर बाळी श्वास अडकेपर्यंत रडली. चालत घरी येईस्तोवर तिचं अंग तापलं होतं. मग ती आईच्या अंगावरून उतरेचना. धनश्री भिंतीला टेकून, तिला पदराखाली घेऊन बसून राहिली. संध्याकाळी अंगद रिकाम्या हातानं आला. मोटारीचं वाइंडिंग व्हायला वेळ लागणार होता.

"रेषेला हाय का पानी?" त्यानं दारातूनच विचारलं.

"हाय की," भीमाबाई चुलीपुढून म्हणाली. "काठोकाठ केलंय मी."

अंगदनं हुश्श केलं आणि पाय धुवायला गेला.

सकाळी धनश्री टबांकडं गेली तेव्हा बाळी तिच्या खांद्यावर झोपली होती, ताप उतरला होता. जाळी उचलली आणि ती तशीच उभी राहिली. पालक उकडून पाणी निथळावं तशा रंगाचं पाणी होतं सगळ्या टबांत. पाणी बरोब्बर रेषेला होतं. तळाला करडा गाळ बसला होता, वर पांढुरका फेस. तिनं बशी सोडली. बशी तळाला टेकली आणि तिच्यावरची निळी फुलं सुद्धा दिसली.

जाळी उघडी राहिली का? रात्री कुत्रं शिरलं का? काल मी इथं आले नाही म्हणून का? बाळी जागी होऊ नये म्हणून ती हळूहळू चालत घरी आली, आणि हात धुवायला मोरीतल्या पिंपात तांब्या घातला तर तो खण्णकन तळाला लागला. हे बोअरच्या पाण्याचं पिंप नव्हतं. हे पिण्याचं. टँकरचं. त्याच्या शेजारचंही रिकामं.

"आत्या, पिन्याचं पानी कुठं गेलं?"

भीमाबाई भाकरी थापत होती. तिचा चेहरा खुलला.

"टबाला घातलं. तुझ्या पिंपातलं तर दोन टबालाच पुरलं. मग म्हनलं, आपलं गोडं पानी हाय की. टँकर बी कालच आल्ता, रंगुबाईशी भांडून चार हंडे जास्तीचे आनले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तान्हं रोप हाय ते. त्याला मचूळ कोन पाजतं? बाळीला तू उकळून गाळून देती ना? मी तर अंघूळ बी न्हाई केली त्याच्यापायी."

धनश्रीनं पिंपात तोंड घातलं. तळाच्या ओलीला पावडरचा वास होताच. शेजारच्या गावात जुलाबाची साथ आल्यापासून ग्रामपंचायतीचा माणूस टँकरमध्ये टीसीएलची, क्लोरीनवाली पावडर मूठभर जास्तच टाकत होता. त्या वासापायीच ती बाळीचं पाणी उकळून, उघडं ठेवून मग द्यायची.

"का गं?" भीमाबाईचा हात परातीत थांबला. "काय झालं?"

"पावडर असती आत्या त्याच्यात. जंतू मारायची."

"मंग? शेवाळ काय जंतू हाय व्हय?"

तव्यावरची भाकरी करपायला लागली. भीमाबाईला ती उलटायचं भान राहिलं नाही.

अंगदनं टब बघितले आणि बांधावरून परत येताना वल्हं दगडावर आपटलं. फळी निघून पडली. नेमकं तेव्हाच रस्त्यानं टँकरला चाललेल्या बाया थांबल्या होत्या.

"कुनी सांगितलं हुतं तुला टँकरचं पानी घालायला?" तो आईवर ओरडला. "कळत न्हाई तर हात कशाला लावती?"

त्यातली रंगुबाई म्हणाली, "काय गं भीमे, आमच्या संगं भांडून नेलेलं पानी शेवाळाला पाजलं व्हय?"

कोणीतरी खुसकन हसलं. भीमाबाईनं मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळली नाही. मग ती खांद्यासकट पाठमोरी झाली आणि घरात जाऊन बसली. दिवसभर तिनं पाणी सुद्धा मागितलं नाही. धनश्रीनं बाळीला नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं, तर ती म्हणाली, "नको बाई. माझ्या हाताचं काय खरं हाय आता."

साहेब सोमवारी आला. टबात बोट बुडवून त्यानं वास घेतला आणि तसाच उकिडवा बसून राहिला. धनश्रीनं सगळं सांगितलं. भीमाबाई दाराआड उभी होती.

"काकूंना काही बोलू नका," तो शेवटी म्हणाला. "पाणी भरा म्हणालो. कुठलं, ते मी सांगितलंच नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही की कोणी प्यायचं पाणी ह्याला घालेल."

पुण्याचे पाहुणे ठरल्या दिवशी आले. त्यांच्यातल्या बाईंनी चिखल लागू नये म्हणून साडीचा घोळ आणि पावलं दोन्ही जपली. बशी तळापर्यंत सोडली, वर काढली. आपसात इंग्रजीत बोलले. चहा घेतला नाही. गाडीत बसण्याआधी त्यातले गृहस्थ अंगदला म्हणाले, "चांगली मेहनत घेतलीत तुम्ही," आणि त्या वाक्यानंच अंगदचे खांदे पडले.

गाडी गेल्यावर साहेब मागं राहिला. "बंद करत नाहीत ते. संक्रांतीला पुन्हा येतील. तोवर हिरवं झालं तर ठरल्याप्रमाणं. पण तोवर पगार निघणार नाही. आणि नवीन बियाणं द्यायलाही नाही म्हणतायत."

"मंग हिरवं कशानं हुनार?" अंगद म्हणाला.

ओसरीवर बाळी बसली होती. दोन्ही हातांत प्लास्टिकची बाटली, तोंडात तिचं टोपण. तळं पहिल्यांदा हिरवं झालं तेव्हा अंगदनंच ती बाटली भरून टोपण घट्ट लावून तिला खेळायला दिली होती. उन्हात धरली की बाळीच्या तोंडावर हिरवा कवडसा पडायचा आणि ती हसायची. रोज सकाळी धनश्री बाटली हलवून, टोपण उघडून, थोडं बोअरचं पाणी घालून परत द्यायची. खेळणं शिळं होऊ नये, एवढ्याचसाठी.

ती गेली आणि बाळीच्या हातातून बाटली सोडवून घेतली. बाळीनं भोकाड पसरलं.

"साहेब, एवढ्यातनं हुतंय का काही?"

साहेबानं बाटली उन्हाकडं धरली. हलवली. पुन्हा धरली. "जिवंत आहे," तो म्हणाला, पण त्याचा आवाज चढला नाही. "आधी बरणी, मग टब, मग तळं. रोज ढवळायचं, रोज बघायचं. मधे एकदा चुकलं तर संपलं. संक्रांतीपर्यंत होईल असं मी सांगू शकत नाही. नाही होणार, असंही नाही."

आणि दसरा उद्यावर आला होता.

"आपन जाऊ," अंगद भाकरी पुढ्यात घेऊन म्हणाला. "बाळीला घिऊन. आई राहील हितं बाटलीपाशी."

धनश्रीनं बाळीला मांडीवर ओढून घेतलं. बाळी अजून अंगावर पीत होती, तिला मागं ठेवता येणार नव्हतं. आणि या वेळी भीमाबाई इथं राहिली तर बांधावर झोळीपाशी कोणी नसणार. तिच्या कानात पाला वाजायला लागला.

भीमाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "मी न्हाई हात लावायची त्या बाटलीला. मरू द्या मला, पन ते न्हाई."

"मंग काय करायचं, तूच सांग."

ती उठली. आढ्याला खोचलेला कोयता तिनं काढला, तो तिचाच, मूठ झिजून तिच्या तळव्याच्या आकाराची झालेली. "मी येते जोडीला," ती म्हणाली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाराजवळ ट्रक लागला. भांडी, गोधड्या, शेळ्या, पोरं वर चढत होती. बिभीषणानं अंगदबरोबर म्हातारीला बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ह्यो कसला कोयता? अर्धा बी न्हाई."

"पुरा हाय," भीमाबाई म्हणाली.

"मावशे, मान वळत न्हाई तुझी. फळीवरनं मोळी घिऊन ट्रकात चढायचं असतंय."

"चढताना मागं कशाला बघू?"

लोक हसले. बिभीषण हसला नाही. ट्रकाशेजारी कडब्याच्या पेंढ्या पडल्या होत्या. त्यानं पाच पेंढ्या दोरीनं एकत्र आवळल्या. "उचल. त्या लिंबापातुर जाऊन ये."

अंगद पुढं झाला. "दादा, माझी आई हाय ती."

"माझी बी मावशी हाय. पन फडात माझी कोन मावशी न्हाई."

भीमाबाईनं पदर खोचला, चुंबळ केली, गुडघे वाकवले. मोळी डोक्यावर येताना तिच्या गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्या. ती चालायला लागली. ट्रकावरच्या बाया गप्प झाल्या, रंगुबाई सुद्धा. लिंबाला वळसा घालताना तिचा पाय घसरला, कडब्याचा पाला खसकन वाजला आणि धनश्रीनं बाळीला इतकं आवळलं की ती कुरकुरली. भीमाबाई सावरली. परत आली. मोळी खाली टाकून ती उभी राहिली, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती, तोंड मिटलेलं.

बिभीषणानं ट्रककडं हात केला. "चढ."

चढण्याआधी ती धनश्रीजवळ आली. बाळीच्या गालाला लावायला हात उचलला, त्याला कडब्याची कूस लागलेली बघून मागं घेतला आणि लुगड्याला पुसला. धनश्रीनं तो हात धरून बाळीच्या डोक्यावर ठेवला.

"बोअरचंच घाल हां," भीमाबाई म्हणाली.

मग दिवाळी गेली. माळावर थंडी पडायला लागली. मोटार दुरुस्त झाली होती. बाटलीतलं पाणी बरणीत गेलं, बरणीतलं एका टबात. धनश्री बाळीला पाठीशी बांधून ढवळायची, अंगदनं जाताना फळी पुन्हा ठोकून दिलेल्या वल्ह्यानं. टबात पाणी होतं एवढंच. रंग म्हणावा असा काही दिसेना. कधी तिला वाटायचं हिरवी झाक आली, आणि जाळी बाजूला केली की कळायचं, ती जाळीचीच. बाळी उभी राहायला शिकली, टबाचा काठ धरून. तिच्या रिकाम्या बाटलीत धनश्रीनं ज्वारीचे दाणे घालून दिले होते.

फडातून रोज संध्याकाळी फोन यायचा. अंगद आधी बोलायचा, मग फोन आईच्या हातात द्यायचा. मागं ट्रॅक्टरची घरघर, कोणाचं तरी ओरडणं. भीमाबाई बाळीचं विचारायची नाही. स्वतःच्या तब्येतीचं विचारलं तर म्हणायची, "हाय की." बोलताना मधेच कण्हल्यासारखा आवाज यायचा, तो खोकून झाकायची. रोज एकच विचारायची.

"बशी दिसती का गं?"

"दिसती, आत्या."

"बरं." आणि फोन बंद.

एक दिवस अंगद हळूच म्हणाला, "आईला हात वर करता येईना झालाय. मी मोळ्या वाहतो, ती तोडती बसून. मुकादम बघतो, अजून काय बोलला न्हाई. टबाचं काय?"

धनश्रीनं काठी उचलली. उन्हं कलली होती, पाण्यावर आभाळ पडलं होतं. बाळी शेजारी उभी राहून काठावर थापा मारत होती. धनश्रीनं आपली सावली टबावर घेतली, म्हणजे आभाळ हटेल, आणि बशी सोडली. मनगट बुडालं. बशी दिसत होती. आणखी चार बोटं. दिसत होती. कोपर बुडालं तेव्हा तिनं डोळे मिटून पुन्हा उघडले. निळी फुलं नव्हती. बशी होती, पण फुलं नव्हती.

"बशी दिसती का गं?" पलीकडं आता भीमाबाई होती.

"दिसती, आत्या," धनश्री म्हणाली. "फुलं दिसंनात."

पलीकडं ट्रॅक्टर घरघरत राहिला. भीमाबाईचा श्वास ऐकू येत होता.

"ऱ्हाऊ दे मंग काठी तशीच," ती म्हणाली. "लगेच वर काढू नको. बाळी हाय का जवळ? तिला दाव."